कंटेनरची साधने : सशुल्क की विनाशुल्क?

(पेण व रोहा तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. तेव्हापासून लोखंडी पेट्या वाहून नेणारे ट्रेलर रायगड जिल्ह्यातील आबालवृद्धांच्या परिचयाचे झाले आहेत. पेटीत कापड आहे की औषधे, यंत्रे आहेत की धान्य, याची चौकशी बंदरावरील क्रेनला करावी लागत नाही. पेटीचे माप सर्वत्र एकच ठरलेले आहे. त्यामुळे ती ट्रेलरवर बसते, आगगाडीच्या वाघिणीवर बसते आणि जहाजावरही बसते.

ही सोय फार जुनी नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि या पद्धतीच्या प्रसाराला चालना मिळाली. त्यापूर्वी पोती, पिंपे व खोकी गोदीतील कामगारांना एकेक करून चढवावी आणि उतरवावी लागत. त्यात वेळ जाई, मोडतोड होई, माल गहाळही होई.

संगणकाच्या क्षेत्रातही अशीच अडचण अनेक वर्षे होती. समजा, रोह्यातील एका तरुणाने पाणीपट्टीच्या वसुलीची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर तयार केले. तेथे ते उत्तम चालते. कार्यालयातील संगणकावर नेल्यावर मात्र ते सुरूच होत नाही. तेथे संगणकीय भाषेची आवृत्ती जुनी असते, एखादी साहाय्यक फाईल नसते किंवा माहितीसाठा ठेवणारी प्रणाली वेगळी असते. सॉफ्टवेअर बरोबर असूनही काम अडते आणि दोष कोणाचा यावर वाद होत राहतो. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी सर्व सामग्री एकाच बंदिस्त पेटीत भरण्याची पद्धत रूढ झाली. तिलाच कंटेनर म्हणतात. लिनक्स या संगणकप्रणालीत त्यासाठी लागणारी मूलभूत तंत्रे आधीपासून होती. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन जगापुढे आले आणि ही पद्धत सामान्य विकासकाच्या हाती आली. डॉकर या शब्दाचा अर्थच मुळी गोदी कामगार असा आहे.

आज अशी साधने अनेक आहेत. काहींना वर्गणी भरावी लागते, काही विनाशुल्क मिळतात. त्यांतील कोणते घ्यावे, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईतील मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. घरी बसून काम करणारा पेणचा तरुण, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा आणि स्थानिक संस्थेकडून सॉफ्टवेअर करून घेणारे कार्यालय, या सर्वांसमोर तो उभा आहे. निवड चुकली तर नकळत परवान्याच्या अटींचा भंग होतो, अनावश्यक खर्च पडतो किंवा ऐन वेळी काम बंद पडते. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

साचा आणि मूर्ती

पेण शहर तसेच तालुक्यातील हमरापूर व जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारखान्यात एक साचा तयार झाला की त्यातून एकसारख्या अनेक मूर्ती काढता येतात. कंटेनरच्या व्यवहारातही साचा आणि मूर्ती असा भेद आहे. सॉफ्टवेअर व त्याची सामग्री एकत्र करून जो साचा तयार होतो त्याला ‘इमेज’ म्हणतात. त्या साच्यावरून संगणकात जी प्रत्यक्ष चालणारी प्रत निघते तो कंटेनर होय. कंटेनर बिघडला तर काढून टाकावा आणि त्याच साच्यावरून दुसरा सुरू करावा. साचा शाबूत असला म्हणजे या कामाला काही क्षण पुरतात.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. कंटेनर काढून टाकला की केवळ त्याच्याच पोटात साठवलेली माहितीही जाते. म्हणून नागरिकांच्या नोंदी, पावत्या व हिशेब कंटेनरच्या बाहेर, वेगळ्या जागी साठवावे लागतात आणि त्यांची नियमित प्रत काढून सुरक्षित ठेवावी लागते. साधन सशुल्क असो वा विनाशुल्क, ही जबाबदारी वापरणाऱ्याचीच राहते.

शुल्क नेमके कशाचे?

‘डॉकर मोफत आहे’ आणि ‘डॉकरला पैसे पडतात’ अशी दोन्ही विधाने ऐकू येतात. दोन्हींत तथ्य आहे, कारण डॉकर या नावाखाली तीन भिन्न गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष चालविणारे इंजिन. ‘डॉकर इंजिन’ हे अपाचे परवान्याखाली खुले आहे. लिनक्स असलेल्या संगणकावर ते स्वतंत्रपणे बसवून वापरण्यास शुल्क नाही, मग वापरणारी संस्था लहान असो की मोठी.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘डॉकर डेस्कटॉप’. कंटेनरला लिनक्सचा गाभा लागतो. विंडोज किंवा मॅक असलेल्या संगणकात तो नसतो. म्हणून त्या संगणकाच्या आत लिनक्सचा एक आभासी संगणक चालवावा लागतो. डॉकर डेस्कटॉप ही सर्व व्यवस्था एकदम बसवून देते, खिडक्या व बटणे असलेला सोपा पडदा देते आणि नवी आवृत्ती आली की कळविते. वर्गणीचा प्रश्न मुख्यतः या सोयीच्या बाबतीत येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘डॉकर हब’ हे साच्यांचे सार्वजनिक भांडार. जगभरातील तयार साचे तेथून उतरवून घेता येतात. नोव्हेंबर २०२० पासून त्यावर मर्यादा आली. नाव न नोंदवता वापरणाऱ्यांसाठी दर सहा तासांत १०० आणि विनाशुल्क खाते असणाऱ्यांसाठी २०० वेळा साचे उतरविण्याची मुभा त्या वेळी ठरविण्यात आली. एकाच इंटरनेट जोडणीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत तीस-चाळीस विद्यार्थी एकाच वेळी साचे उतरवू लागले तर ही मर्यादा लवकर संपू शकते. शिक्षकाने आवश्यक साचे आदल्या दिवशी एकदाच उतरवून प्रयोगशाळेतील संगणकांवर वाटले तर हा खोळंबा टळतो.

परवान्यातील महत्त्वाची अट

३१ ऑगस्ट २०२१ रोजी डॉकर कंपनीने डेस्कटॉपच्या परवान्यात बदल जाहीर केला आणि ३१ जानेवारी २०२२ पर्यंत सवलतीची मुदत दिली. या बदलानुसार वैयक्तिक वापर, शिक्षण, अव्यापारी मुक्त स्रोत प्रकल्प आणि लहान व्यवसाय यांना डेस्कटॉप विनाशुल्क राहिले. लहान व्यवसाय म्हणजे २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेला व्यवसाय. या दोन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या पाहिजेत. कर्मचारी थोडे पण उत्पन्न मर्यादेपलीकडे असेल तर सवलत मिळत नाही.

या परवान्यात एक वाक्य असे आहे की ज्याकडे कार्यालयांनी विशेष लक्ष दिले पाहिजे. शासकीय संस्थांना डॉकर डेस्कटॉपच्या वापरासाठी सशुल्क वर्गणी आवश्यक आहे. कार्यालयात पाचच माणसे आहेत, संगणक एकच आहे, ही सबब येथे लागू पडत नाही. साधन उतरवून घेताना कोणी पैसे मागत नाही, म्हणून ते मोफतच आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात परवान्याची जबाबदारी ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवताच सुरू होते.

वर्गणी किती, याचाही अंदाज असावा. १५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात वार्षिक वर्गणीचा दर व्यक्तिगत ‘प्रो’ योजनेसाठी दरमहा ९ डॉलर, ‘टीम’ योजनेसाठी दरमहा १५ डॉलर आणि ‘बिझनेस’ योजनेसाठी दरमहा २४ डॉलर असा होता. हा दर प्रत्येक वापरकर्त्यामागे आहे. दहा विकासकांच्या संस्थेने बिझनेस योजना घेतली तर वर्षाचे २,८८० डॉलर होतात. असे दर वेळोवेळी बदलतात आणि त्यावर कर पडतात. म्हणून अंदाजपत्रकात रक्कम घालण्यापूर्वी त्या दिवशीचे दरपत्रक पाहणे इष्ट.

विनाशुल्क पर्याय

रेड हॅट या कंपनीत विकसित झालेल्या ‘पॉडमन’ची पहिली पूर्ण आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. त्याच्या बहुतेक आज्ञा डॉकरसारख्याच आहेत. त्यामुळे एक जाणणाऱ्याला दुसरे शिकण्यास फार काळ लागत नाही. पॉडमन पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या सेवेवर अवलंबून नाही. संगणकाचे सर्वाधिकार हाती नसलेल्या सामान्य वापरकर्त्यालाही त्यातून कंटेनर चालविता येतो. अनेकजण वापरत असलेल्या संगणकावर ही गोष्ट सुरक्षिततेच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. डॉकरमध्येही अशी सोय आहे. तथापि ती वेगळी मांडून घ्यावी लागते.

विंडोज व मॅक वापरणाऱ्यांसाठी ‘पॉडमन डेस्कटॉप’ आणि सुसे कंपनीचे ‘रँचर डेस्कटॉप’ ही साधने आहेत. दोन्ही अपाचे परवान्याखाली खुली आहेत. त्यांच्या वापरास संस्थेच्या आकाराची अट नाही आणि शासकीय कार्यालयांना मनाई नाही.

जुने संगणक असलेल्या शाळा-महाविद्यालयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोजवरील कोणतेही डेस्कटॉप साधन आत आभासी संगणक चालवते आणि त्याला स्मरणशक्तीचा मोठा वाटा द्यावा लागतो. जुना संगणक त्या भाराने मंदावतो. त्याच संगणकावर थेट लिनक्स बसविले तर मधला आभासी संगणक लागतच नाही. परवान्याचा खर्च वाचतो आणि यंत्राचे आयुष्यही वाढते.

मोफत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे

विनाशुल्क साधनांची ही बाजू पाहून सर्वांनी तीच घ्यावीत, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. सार्वजनिक विहिरीचे पाणी फुकट असते, परंतु ते शेंदण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. विनाशुल्क साधन बसविणे, ते अद्ययावत ठेवणे, सुरक्षिततेच्या सूचनांवर लक्ष ठेवणे आणि अडचण आल्यास मार्ग शोधणे यासाठी जाणकार मनुष्य लागतो. असा मनुष्य संस्थेत नसेल आणि प्रत्येक अडचणीला दोन-दोन दिवस काम ठप्प होत असेल, तर वाचलेल्या वर्गणीपेक्षा बुडालेली मजुरी अधिक होते. अशा ठिकाणी सशुल्क साधनाबरोबर मिळणारी मदत, कर्मचाऱ्यांची खाती एका जागेवरून सांभाळण्याची सोय आणि सुरक्षिततेची तपासणी यांसाठी पैसे मोजणे शहाणपणाचे ठरू शकते.

विनाशुल्क मिळणारी सेवा कायम तशीच राहील, ही खात्रीही कोणी देऊ शकत नाही. मार्च २०२३ मध्ये डॉकर कंपनीने आपल्या भांडारावरील गटांची विनाशुल्क योजना बंद करण्याचे जाहीर केले. मुक्त स्रोत प्रकल्पांकडून तीव्र नापसंती व्यक्त झाल्यावर त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेण्यात आला. सशुल्क साधनाचा दरही असाच वाढू शकतो. मग भरवसा कशाचा ठेवावा? याचे उत्तर रोहा स्थानकाकडे पाहिले म्हणजे सहज उमगते.

रुळाचे माप

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. दोन संस्था निराळ्या आहेत आणि त्यांचा कारभारही निराळा आहे. तरीही मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला रोह्यात गाडी बदलावी लागत नाही, की वाघिणीतील माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागत नाही. दोन्हीकडे रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. इतकेच नव्हे तर रोहा तालुक्यातील कोलाड येथून १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक जसेच्या तसे आगगाडीवर चढवून पुढे नेण्याची ‘रो-रो’ सेवाही कोकण रेल्वेने सुरू केली. माप जुळले म्हणजे मार्ग कोणाच्या मालकीचा आहे याने माल अडत नाही.

कंटेनरच्या क्षेत्रात असे समान माप ठरविण्यासाठी जून २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही व्यवस्था उभी राहिली. साचा कसा बांधावा आणि कंटेनर कसा चालवावा, याचे खुले मानक तिने निश्चित केले. डॉकर, पॉडमन व रँचर डेस्कटॉप ही तिन्ही साधने या मानकाचे साचे हाताळतात. डॉकरने बांधलेला साचा पॉडमनवर चालतो. तो फाईलमध्ये साठवून पेनड्राईव्हवर घालून दुसऱ्या गावी नेता येतो.

या मानकाची कसोटीही लागली. अनेक संगणकांवरील कंटेनरचे नियोजन करणाऱ्या ‘कुबरनेटीस’ या प्रणालीने डॉकरशी असलेली आपली थेट जोडणी काढण्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. जगभर क्षणभर घबराट उडाली. मे २०२२ मधील १.२४ या आवृत्तीत ती जोडणी खरोखरच काढली गेली. तथापि डॉकरने बांधलेले साचे त्यानंतरही चालत राहिले, कारण त्यांचे माप खुल्या मानकाप्रमाणे होते. ज्यांनी मानक पाळले होते त्यांचे साचे नव्याने बांधण्याचे कष्ट वाचले.

यावरून निवडीचे सूत्र स्पष्ट होते. ‘साधन किती रुपयांना?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘उद्या हे साधन सोडावे लागले तर आपले काम आपल्या हाती राहील काय?’ हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर सशुल्क साधन घेण्यात धोका नाही आणि विनाशुल्क साधन घेण्यातही नाही. उत्तर नकारार्थी असेल तर फुकट मिळालेले साधनही महाग पडते.

कोणी काय करावे?

विद्यार्थी व शिक्षक यांना डॉकर डेस्कटॉप शिक्षणासाठी विनाशुल्क वापरता येते. तरी विद्यार्थ्यांना पॉडमन आणि लिनक्सवरील डॉकर इंजिन यांचाही परिचय करून द्यावा. उद्या नोकरीच्या ठिकाणी कोणते साधन असेल हे सांगता येत नाही. विशिष्ट बटणे पाठ करण्यापेक्षा साचा आणि कंटेनर यांचे तत्त्व शिकलेला विद्यार्थी कोठेही अडणार नाही.

स्वतंत्र व्यवसाय करणारा तरुण लहान व्यवसायाच्या व्याख्येत बसत असेल तर त्याला सध्याच्या अटींनुसार सवलत मिळते. परंतु तो मोठ्या कंपनीचा नोकर असून घरून काम करत असेल तर कंपनीचे कर्मचारी व कंपनीचे उत्पन्न मोजले जाते. काम पेणच्या घरात चालते म्हणून कंपनी लहान ठरत नाही. अशा तरुणाने कंपनीकडून परवाना मागून घ्यावा किंवा खुल्या परवान्याचे साधन वापरावे.

शासकीय कार्यालये व पंचायत संस्था यांनी परवान्याचा मजकूर वाचल्याशिवाय कोणतेही साधन बसवू नये. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केंद्र शासनाच्या संस्थांना आणि ते स्वीकारणाऱ्या राज्यांना ते लागू आहे. पुरवठादाराने मुक्त स्रोत पर्यायाचा विचार करावा आणि तो वगळल्यास कारण द्यावे, असे त्यात अभिप्रेत आहे. खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात हा दृष्टिकोन मार्गदर्शक ठरावा.

बाहेरील व्यक्तीकडून सॉफ्टवेअर करून घेताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. एक, सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर आणि साचा बांधण्याची कृती लिहिलेली फाईल कार्यालयाच्या ताब्यात द्यावी. दोन, साचा खुल्या मानकाप्रमाणे असावा आणि त्याची एक प्रत फाईलच्या रूपात जमा करावी. तीन, कोणते साधन कोणत्या परवान्याखाली वापरले व वर्गणी कोण भरणार, हे नमूद करावे. चार, माहितीची राखीव प्रत कोठे आहे आणि ती परत कशी भरायची, हे सांगावे. अखेरचे देयक अदा करण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या संगणकावर, शक्यतो दुसऱ्या साधनाने, तो साचा सुरू करून दाखविण्यास सांगावे. ही चाचणी एका दुपारी होते. सॉफ्टवेअर करून देणारा तरुण पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला तरी कार्यालयाचे काम त्यामुळे थांबणार नाही.

पाणीपट्टी भरण्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या ग्रामस्थाला आत कोणते साधन चालते याच्याशी कर्तव्य नसते. त्याला पावती वेळेवर मिळावी आणि त्याची मागील नोंद सापडावी, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. ती पुरी करणारे साधन सशुल्क असो की विनाशुल्क, ते डोळसपणे निवडलेले असावे आणि त्याच्या नाड्या कार्यालयाच्याच हाती असाव्यात. परवान्याची चार पाने वाचण्यास आणि चाचणीची एक दुपार खर्च करण्यास जे कार्यालय तयार असेल, त्याला हे साधणे मुळीच कठीण नाही.